घरच्या चलचित्रातील आवाज

चलचित्र पाहताना मनुष्याचा डोळा जितका क्षमाशील असतो तितका त्याचा कान नसतो. चित्र किंचित हलले, कडेला अंधारले, कोणाचे डोके चौकटीबाहेर राहिले, तरी घरची मंडळी हसून पुढे पाहत राहतात. परंतु बोलणे नीट ऐकू येईना, मध्येच वाऱ्याचा फडफडाट कानांवर आदळला, म्हणजे दोन मिनिटांत एकेक जण काही तरी निमित्त काढून उठतो. आज मोबाइलमुळे घरोघर चलचित्रे घेतली जातात, आणि ती कापून जोडण्याची साधनेही नवशिक्यास सहज वापरता येतील अशी निघाली आहेत. तथापि ह्या साधनांपुढे बसलेला नवशिका आपला बहुतेक वेळ चित्रे कापण्यात घालवितो, आवाज जसा आला असेल तसा राहू देतो, आणि शेवटी सगळ्यावर एखादे चित्रपटगीत पसरून मोकळा होतो. भिंतीचे पोपडे झाकण्यासाठी वर तोरण बांधावे, त्यातलाच हा प्रकार होय. आवाजाचे संकलन ही चित्राच्या संकलनाहून वेगळी विद्या आहे, आणि ती फारशी अवघडही नाही. तिच्यात अवघड असे काही असेल तर ते यंत्राच्या बाजूला नसून ऐकणाराच्या बाजूला आहे.

उदाहरणाकरिता असे समजू की, मुंबईस राहणारे एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत मेढ्यास आले आहे. मेढा हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. गाव वेण्णा नदीच्या काठी असून साताऱ्याहून केळघरच्या घाटाने महाबळेश्वरास जाणारा रस्ता त्याच गावातून जातो. जावळीच्या खोऱ्यातील कित्येक घरांची कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या कामधंद्यासाठी मुंबईस राहत आली. सणावारी दारे उघडतात, एरवी घरात म्हातारी माणसे. अशाच एका घरातील ऐंशी उलटलेली आजी बऱ्याच वर्षांनी जात्यापाशी बसली आहे. नातवाने समोर मोबाइल उभा केला. आजीने विचारले, "रेडिओत बोलत्यात तसं बोलू का रं?" नातू म्हणाला, "नको आजी, तू आपली दळ आणि म्हण." मग आजीने खुंटा धरला, घास घातला, आणि एकामागून एक ओव्या निघू लागल्या. वीस मिनिटे हे चालले.

मुंबईस परत आल्यावर ते चलचित्र ऐकले तर काय आढळले? जात्याची घरघर मोठी, आजीचा आवाज बारीक. पडवीतून वारा सारखा ध्वनिग्राहकावर आपटत आहे. तिसऱ्या ओवीत रस्त्यावरून एस. टी.चा कर्णा वाजला आहे. मागून नातीचे "आजी, अजून एक म्हण की" हे शब्द आजीच्या आवाजापेक्षा चौपट ठसठशीत उमटले आहेत. ह्या वीस मिनिटांतून पाच मिनिटांचे, चारचौघांना ऐकवता येईल असे चलचित्र करावयाचे आहे. ते पुन्हा घेता येईल असे म्हणण्यात अर्थ नाही. आजी पुढच्या दिवाळीस जात्यावर बसेलच, हे कोणी सांगावे?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, चलचित्रात चित्र आणि ध्वनी ही एकाच वेळी घेतलेली असली तरी ती दोन स्वतंत्र द्रव्ये आहेत. हा शोध चित्रपटवाल्यांस थोड्या कष्टानेच लागला. प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरास तयार केलेला 'अयोध्येचा राजा' हा बोलपट १९३२ साली पडद्यावर आला. त्या काळच्या बोलपटांत नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात असत आणि वाजंत्री मंडळींस चौकटीबाहेर, झाडाआड किंवा पडद्यामागे, दडून बसावे लागे. कारण गळा आणि तोंड ह्यांची ताटातूट करता येते हे अद्याप अंगवळणी पडले नव्हते. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव' ह्या बोलपटात गाणे आधी मुद्रित करून चित्र मागाहून घेण्याची रीत वापरली, आणि तेव्हापासून ध्वनी चित्राच्या खुंट्याचा सुटला. १९३७ सालच्या 'कुंकू' मध्ये शांतारामबापूंनी ह्या सुटकेचा उलट्या दिशेने उपयोग केला. पार्श्वसंगीत अजिबात नको, घरात जे खरोखर वाजते तेवढेच पडद्यावर वाजावे, असा त्यांनी नेम केला. आज जात्यासमोर मोबाइल घेऊन बसलेल्या नातवास ह्या दोन्ही उदाहरणांची गरज आहे. दुसऱ्याची अंमळ अधिक.

जुन्या चित्रपटाच्या फितीवर ध्वनीची बारीक पट्टी चित्रांच्या कडेला छापलेली असे. परंतु ज्या चित्राचा जो आवाज, तो त्याच्या शेजारी नसून २० चौकटी पुढे असे. ह्याचे कारण मोठे सयुक्तिक आहे. चित्र दिसण्यासाठी फीत दिव्यासमोर क्षणभर थांबून धक्क्याधक्क्याने पुढे सरकावी लागते. आवाज निघण्यासाठी मात्र ती एका गतीने अखंड धावावी लागते. एकाच जागी ही दोन्ही कामे होऊ शकत नाहीत. साहजिकच तयार फितीला कात्री लावली तर चित्र एका ठिकाणचे आणि आवाज दुसऱ्या ठिकाणचा तुटे. म्हणून संकलक दोहोंच्या फिती वेगळ्या ठेवीत, वेगळ्या कापीत आणि अखेरीस एकत्र छापीत. पुढे चुंबकीय फीत आली. तिचे यंत्र १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले गेले होते. मग नभोवाणीच्या केंद्रांतूनही दाढीच्या पात्याने फीत तिरपी कापून चिकटपट्टीने जोडण्याचे काम सुरू झाले. तिरपी अशासाठी की, एक आवाज संपून दुसरा सुरू होताना दोहोंचा क्षणभर मिलाफ व्हावा आणि सांध्यावर 'टक्' असा ध्वनी येऊ नये.

संगणकावरील आजच्या साध्या साधनांत हीच मांडणी पडद्यावर उतरली आहे. 'ओपनशॉट', 'शॉटकट' आणि 'केडेनलाइव्ह' ही साधने विनामूल्य मिळतात. ॲपलच्या संगणकांवर १९९९ पासून 'आयमूव्ही' आहे. 'विंडोज ११' बरोबर 'क्लिपचॅम्प' येते. पुष्कळांनी ज्यावर हात बसविला त्या 'विंडोज मूव्ही मेकर'चा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये काढून घेतला. तथापि ज्याला ते येत होते त्याला दुसरे कोणतेही साधन चार दिवसांत येईल. सर्वांची ठेवण सारखीच. खालच्या अंगास डावीकडून उजवीकडे जाणारी काळाची रेघ असते, तिलाच टाइमलाइन म्हणतात; तिच्यावर एकाखाली एक पट्टे असतात, वरच्या पट्ट्यांत चित्रे, खालच्यांत आवाज.

येथे कापणे हा शब्द नुसता वापरावयाचा, प्रत्यक्षात काहीच कापले जात नाही. मूळ मुद्रण जसेच्या तसे राहते, आणि साधन केवळ 'अमक्या सेकंदापासून तमक्या सेकंदापर्यंत दाखवावे, तेथे आवाज कमी करावा' अशा सूचनांची यादी लिहून ठेवते. म्हणून नवशिक्याने कापण्यास मुळीच भिऊ नये. मात्र ह्याच कारणास्तव, काम पुरे होण्यापूर्वी मूळ मुद्रण दुसऱ्या जागी हलवू नये, त्याचे नाव बदलू नये आणि जागा अडते म्हणून मोबाइलमधून पुसू तर नयेच. यादी हाती असून ज्या वस्तूंची यादी त्या वस्तूच नाहीत, अशी अवस्था पुष्कळांवर ओढवते.

पहिले काम आवाज चित्रापासून सुटा करण्याचे. बहुतेक साधनांत चित्राच्या तुकड्यावर उंदराचे उजवे बटण दाबले असता 'डिटॅच ऑडिओ' किंवा 'सेपरेट ऑडिओ' अशी सूचना दिसते. 'केडेनलाइव्ह'मध्ये तो बहुधा आधीच वेगळ्या पट्ट्यावर उतरतो. सुटा झाला की तो डोंगरांच्या ओळीसारखा दिसू लागतो. ही आकृती वाचावयास शिकणे म्हणजे अर्धे संकलन येणे होय. सपाट जागा म्हणजे शांतता. दर फेऱ्याला उठणारी बुटकी, एकसारखी दाते म्हणजे जाते. त्यांच्या वर उंचसखल चढणारे ते आजीचे शब्द. आणि एकाएकी उभी राहिलेली भिंत म्हणजे एस. टी.चा कर्णा. तासभर सराव झाला म्हणजे ऐकण्यापूर्वीच ओवी कोठे सुरू झाली हे डोळ्यांना कळू लागते.

आवाज सुटा झाल्याने मिळणारा मोठा लाभ असा की, चित्र जेथे बदलते तेथेच आवाज बदलला पाहिजे हे बंधन उरत नाही. पडद्यावर अजून वेण्णेचे पात्र दिसत आहे, आणि जात्याची घरघर व ओवीचा पहिला चरण ऐकू येऊ लागला आहे. मग पडवी, मग आजीचा चेहरा. पाहणारास कोणी हात धरून घरात नेल्यासारखे वाटते. उलट, ओवी संपल्यावर चित्र अंगणातील तुळशीकडे वळावे आणि जात्याचा आवाज दोन फेरे मागे रेंगाळावा. तसेच, मध्येच नातवाने हात बदलल्यामुळे चित्र डगमगले असेल, तर तेवढ्या जागी आजीच्या हातांचे, पिठाचे, खुंट्याचे चित्र वर पसरावे. खाली गळा अखंड राहतो आणि डगमग दिसत नाही. घरच्या चलचित्रांतील निम्मे दोष एवढ्या एका युक्तीने झाकता येतात, आणि ही लपवाछपवी तोरणाच्या जातीची नव्हे, कारण येथे गळाही खरा आहे आणि हातही खरा आहे. एका ओवीखाली दुसऱ्या ओवीचे हलणारे ओठ मात्र दाखवू नयेत. ते कोणाही मुलाच्या ध्यानात येते.

ओठ आणि शब्द ह्यांच्या मेळाविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, प्रकाश त्या मानाने तत्क्षणी पोहोचतो. म्हणून शेताच्या पलीकडच्या टोकाला कुऱ्हाड लाकडावर पडताना आधी दिसते व मागाहून ऐकू येते, आणि त्यात आपणास काही वावगे वाटत नाही. ह्या सवयीमुळे आवाज थोडा मागे पडलेला आपण खपवून घेतो, पण तो पुढे गेलेला खपत नाही. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय मोजमापात असे आढळले आहे की, आवाज सुमारे ४५ सहस्रांश सेकंद पुढे गेला की माणसांस ते कळू लागते. मागे मात्र तो सुमारे १२५ सहस्रांशांपर्यंत पडला तरी कळत नाही. सेकंदास २५ चित्रे धरली तर एक चित्र ४० सहस्रांशांचे. म्हणजे सुटा केलेला आवाज दोन चित्रे डावीकडे सरकला तरी बिघाड दिसावा, आणि उजवीकडे तीन चित्रांपर्यंत सरकला तरी चालून जावे. आवाज जर दुसऱ्याच मोबाइलवर, आजीजवळ ठेवून घेतला असेल, तर आरंभी एक मोठी टाळी वाजवावी. दोन्ही मुद्रणांत त्या टाळीचे उंच सुळके एकाखाली एक आणले की काम झाले. चित्रपटवाले पाटीची फळी आपटतात ती ह्याच कारणासाठी. ती दृष्ट काढण्याची रीत आहे, असा कित्येकांचा समज आहे.

आता कापावे कोठे? शब्दाच्या मधोमध कोणी कापणार नाही. पण शब्दापूर्वीचा श्वास कापण्याची चूक जवळजवळ प्रत्येक नवशिका करतो. श्वास हा बोलण्याचाच भाग आहे. तो काढून टाकला की म्हातारे माणूस यंत्रासारखे बोलू लागते. म्हणून काप श्वासाच्या अलीकडे घ्यावा. दुसरे असे की, ध्वनी ही लाट आहे. लाट ऐन उंचीवर असताना तोडली तर सांध्यावर टचकन आवाज येतो. त्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या आरंभी व अखेरीस आवाज हळूहळू चढविण्याची आणि उतरविण्याची सोय असते, तिला 'फेड' म्हणतात. शेकडा एक-दोन भाग सेकंदाचा फेड पुरतो. पात्याने तिरपी कापलेली फीत ती हीच. तिसरी गोष्ट त्या जागेच्या शांततेची. कोणतीही शांतता कोरी नसते. मेढ्याच्या पडवीतील शांततेत दूरची नदी असते, कोंबडा असतो, शेजारच्या घरातील भांडे असते. दोन ओव्यांमधील जागा नुसती रिकामी ठेवली तर कानाला विहिरीत पडल्यासारखे वाटते. म्हणून चलचित्र घेतानाच, सर्वांस गप्प राहावयास सांगून, पडवीची अर्धा मिनिट शांतता वेगळी मुद्रित करून आणावी आणि सांध्यांखाली अंथरावी.

आवाजाची उंची डेसिबल ह्या मापाने मोजतात. संगणकात शून्य डेसिबल हे आढे आहे. त्याच्या वर काही मावत नाही, आणि जे वर जाते त्याचे शेंडे सपाट कापले जाऊन फाटका, खरखरीत आवाज होतो. हा दोष मुद्रणातच आला असेल तर कोणतेही साधे साधन तो पुरता काढू शकत नाही. म्हणून सर्व आकडे शून्याखालचे असतात, आणि बोलण्याचे शेंडे उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहतील असे पाहावे. लाटेची उंची दुप्पट केली असता आवाज ६ डेसिबल चढतो. नातीचे "अजून एक म्हण की" पुसण्याची इच्छा झाली तरी ते पुसू नये. आवाजाच्या पट्ट्यावरील रेघेस तेवढ्या जागी दोन्ही बाजूंनी ठिपके देऊन मधला भाग १० डेसिबल खाली ओढावा. नातीनेही आजीला ऐकावयास हवे होते, ही त्या चलचित्रातील महत्त्वाची गोष्ट आहे. कर्ण्याचे मात्र तसे नाही. कर्णा आणि आजीचा शब्द एकाच क्षणी, एकाच लाटेत मिसळले आहेत. पिठात मिसळलेले मीठ वेचून काढता येत नाही. ती ओवी सोडून देऊन दुसरी घेणेच शहाणपणाचे. वीस मिनिटे घेतली ती ह्यासाठीच. वाऱ्याचे धक्के बहुतांशी फार खालच्या स्वरांत असतात. सेकंदास ८० ते १०० आंदोलनांखालचा भाग गाळून टाकणारी गाळणी लावली की ते पुष्कळ कमी होतात, आणि स्त्रीच्या गळ्याचे मूळ स्वर त्याहून बरेच वर असल्यामुळे तिच्या आवाजास इजा होत नाही. शहरातील घरात पंखा किंवा विजेची उपकरणे चालू असताना जो मंद गुंजारव उमटतो तो आपल्याकडील विजेच्या ५० आंदोलनांचा व त्याच्या पटींचा असतो. त्यालाही हाच उपाय काही अंशी लागू पडतो. आवाज एकाच कानात येत असल्यास तो 'मोनो' करावा; ह्यावर अधिक सांगण्यासारखे नाही.

येथवरचे सर्व कोणीही आठवड्यात शिकेल. खरा प्रश्न पुढे आहे. प्रत्येक साधनात हल्ली गोंगाट काढून टाकण्याची एक कळ असते. 'आयमूव्ही'त ती शेकडेवारीने कमीअधिक करता येते, आणि 'ऑडॅसिटी' ह्या विनामूल्य ध्वनिसाधनात तर गोंगाटाचा नमुना आपणच दाखवून द्यावयाचा असतो. 'ऑडॅसिटी'ची रीत समजावून घेण्यासारखी आहे. जेथे कोणी बोलत नाही असा एखादा तुकडा निवडून साधनास दाखविला की, त्यात कोणत्या स्वराचा किती अंश आहे ह्याचा ते हिशेब करते. मग सबंध मुद्रणातून, ज्या ज्या क्षणी एखादा स्वर त्या पातळीच्या वर जात नाही त्या त्या क्षणी, तो दाबून टाकते. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने गोंगाट कोणता? जो एकसारखा चालतो तो. आणि बोलणे कोणते? जे बदलते ते. पंख्याच्या बाबतीत ही व्याख्या अगदी बरोबर आहे.

परंतु जाते? तेही एकसारखेच चालते. नातवाने ओवीपूर्वीची, नुसत्या दळण्याची दहा सेकंदे नमुना म्हणून दाखविली आणि कळ दाबली, तर यंत्र आज्ञाधारकपणे घरघर पुसून टाकील आणि आजीचा गळा एकटा, स्वच्छ, उघडा उरेल. प्रथम ऐकताना आनंद होतो. दुसऱ्यांदा ऐकताना काही तरी हरवल्याचे जाणवते. ओवीचा ताल हातात असतो, गळ्यात नव्हे. खुंटा एक फेरा घेतो तेव्हा चरण पुढे सरकतो, घास घालण्यासाठी हात थांबतो तेव्हा गळाही थांबतो. जाते नसेल तर ते थांबणे म्हाताऱ्या माणसाचे विसरणे वाटू लागते. आजीने योग्य वेळी घेतलेला विसावा यंत्राने तिच्या स्मरणशक्तीचा दोष करून टाकला! शिवाय यंत्राने जोराने उपसा केला तर मागे राहिलेल्या आवाजास पाण्याखालून बोलल्यासारखा, बुडबुड्यांचा नाद येतो, तो वेगळाच.

ओव्यांचे जतन करणाऱ्यांस ह्या आवाजाची किंमत ठाऊक होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन ह्या दोघांनी पुण्यास राहून, गावोगावच्या स्त्रियांच्या साहाय्याने, जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे जे काम उभे केले त्यातून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून निघाल्या, आणि पुढे बेर्नार बेल ह्यांच्या साहाय्याने त्यांतील कित्येक गाणाऱ्यांच्या आवाजात मुद्रितही झाल्या. २०१७ पासून 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणण्यास आरंभ केला. पिठाच्या गिरण्या गावोगाव झाल्यावर जाती कोपऱ्यात गेली, आणि जात्यांबरोबर ओव्याही. कारण हात थांबला की ओवी अडखळते. जे कारण ओवीच्या जन्माचे, तेच कारण संकलनात गोंगाट म्हणून बाद व्हावे, हे नातवास कळले पाहिजे. कळीला ते कळणार नाही.

मग जाते मोठे आणि गळा बारीक ह्या अडचणीवर उपाय काय? पहिला उपाय मुद्रणाच्या वेळचा आहे, आणि नवशिके तो नेहमी संकलनावर ढकलतात. ध्वनिग्राहक जात्यापासून दूर व तोंडाजवळ असावा. अंतर निम्मे केले की गळ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबल चढतो, जात्याचा तितका चढत नाही. दुसरा मोबाइल एखाद्या फडक्यात गुंडाळून आजीच्या खांद्यामागे उंच कोनाड्यात ठेवला तरी मोठा फरक पडतो. फडक्याने वाराही अडतो. आता जे मुद्रण हाती आहेच त्यावर उपाय असा: गोंगाट दाबण्याची क्रिया पूर्ण न करता ६ डेसिबलांपर्यंतच करावी, जेणेकरून जाते पुसले न जाता दोन हात मागे सरकेल. शब्दांची स्पष्टता सेकंदास २ ते ४ हजार आंदोलनांच्या पट्टीत असते. तो पट्टा दोन-तीन डेसिबल उचलावा. ओवी चालू असताना सबंध आवाज जसाच्या तसा ठेवावा, आणि नुसते दळण चालले असेल तेथे तो थोडा उतरवावा. अशाने कान जात्याला सरावतो, शब्द सुरू होताच पुढे झुकतो. शेवटी ज्या ओवीचे शब्द तरीही कळणार नाहीत, तिचे शब्द चित्राखाली अक्षरांत द्यावेत. त्यात कमीपणा नाही.

शांतता आपोआप कापून टाकणारीही एक सोय काही साधनांत असते. व्याख्याने आटोपशीर करणारांस ती आवडते. आजीच्या मुद्रणावर ती चालविली तर वीस मिनिटांची बारा होतील आणि पदराने तोंड पुसण्याची, नातीकडे पाहून हसण्याची सर्व जागा नाहीशी होईल. त्याहून गंभीर गोष्ट बोलण्याच्या कापाकापीची. आजी बोलता बोलता म्हणते, "मला मुंबई आवडत न्हाई, असं न्हाई." शेवटचे दोन शब्द वाऱ्यात बुडाले म्हणून कापले, की तिच्या म्हणण्याचा अर्थ फिरला, आणि पडद्यावर तिचेच तोंड, तिचाच आवाज असल्यामुळे कोणी शंका घेणार नाही. लेखनात असा फेरफार केला तर लेखकाला जाब विचारता येतो. येथे जबाब आजीच्या अंगावर येतो. सबब, वाक्य घ्यावयाचे तर पुरे घ्यावे, नाही तर सबंध सोडावे.

वर गाणे पसरण्याविषयी थोडक्यात. गाणे लावावयाचेच असेल तर बोलणे चालू असताना ते बोलण्याच्या निदान १५ डेसिबल खाली असावे, आणि शब्दांचे गाणे शब्दांखाली कधीही लावू नये. कान दोन ठिकाणी एकदम ऐकत नाही. बाजारात मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिकांवर १९५७ च्या कायद्यानुसार, प्रसिद्धीनंतर ६० वर्षांपर्यंत मालकी हक्क असतो, हेही चलचित्र लोकांत पाठविणाराने ध्यानात ठेवावे. ओव्यांच्या चलचित्राला गाण्याची जरूर का पडावी, हे मात्र समजत नाही.

काम झाले म्हणजे ते त्याच दिवशी पुरे करू नये. तास दोन तास एकच तुकडा ऐकत राहिलेला कान गोड लागेल ते खरे मानू लागतो. एक रात्र जाऊ द्यावी, सकाळी प्रथम कानात घालण्याच्या यंत्राने ऐकावे, मग मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यावर ऐकावे, कारण आत्या व मावश्या तो त्यावरच ऐकणार. मोबाइलवर खालचे स्वर जवळजवळ उमटतच नाहीत. तेथे जाते पुरते नाहीसे होत असेल तर त्याचे वरचे, खरखरीचे स्वर अंमळ वाढवावेत. नंतर घरातील ज्या माणसाने ते मुद्रण आजवर ऐकलेले नाही, त्याला शब्द न सांगता ऐकवावे आणि त्याला काय कळले ते विचारावे. संकलकाला प्रत्येक ओवी पाठ झालेली असते, म्हणून त्याला सर्वच स्पष्ट ऐकू येते.

शेवटी चलचित्र बाहेर काढताना आवाजाचे नमुने सेकंदास ४८,००० ठेवावेत. चलचित्रांचे हेच नेहमीचे मान आहे. पाच मिनिटांचे तयार चित्र मंडळींत वाटावे. वीस मिनिटांचे मूळ मुद्रण, वारा, कर्णा, अडखळणे ह्यांसकट, दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावे, आणि त्याच्या आरंभी नातवाने स्वतःच्या आवाजात एवढे जोडावे: आजीचे नाव, तिचे माहेर, गाव मेढा, तालुका जावळी, तारीख, आणि जात्यात त्या दिवशी काय दळले ते.